तालमीच्या गावात जूडो कसा रुजला : एका तालुक्याचं प्रकरण

हे प्रकरण कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गाव, संस्था आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी शेजारच्या तालुक्यात क्रीडाशिक्षक होतो आणि तिथल्या शिक्षणसंस्थेने सल्ल्यासाठी बोलावल्यापासून हे काम जवळून पाहत आलो. एखाद्या भागात कुस्तीच का, दुसरीकडे कराटेच का, असं कोणी विचारलं की बहुतेक जण ‘परंपरा’ म्हणून विषय संपवतात. परंपरा तयार होताना रोजचे निर्णय काय असतात, ते या गावात दहाएक वर्षांत डोळ्यांसमोर घडलं. म्हणून ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

हा पट्टा कुस्तीचा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, 1912 मध्ये खासबाग मैदान खुलं झालं. त्या आश्रयाची लाट वारणा-कृष्णेच्या खोऱ्यात गावोगाव पोचली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि या भागातल्या प्रत्येक घराला वाटलं की आपल्याही पोराने लाल माती अंगाला लावावी. पुढे साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिलं. वारणानगर, कुंडल इथली मैदानं मोठी होत गेली. गावच्या जत्रेत नारळावरच्या कुस्तीपासून मोठ्या इनामापर्यंत पोराला चढत जायला पायऱ्या होत्या. गुणी पोराला शिकवणारा वस्ताद, लढायला मैदान आणि खुराकाला पैसा हे तिन्ही एकाच भागात मिळत होतं.

आपल्या गावातही मारुतीच्या देवळाला लागून जुनी तालीम आहे. पण शिक्षणसंस्थेच्या नव्या हॉलमध्ये कोणता खेळ घ्यायचा हा विषय निघाला तेव्हा सकाळी तालमीच्या मातीच्या हौदात चार-पाचच पोरं उतरत होती. हौदाची माती रोज खणावी लागते. तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ राखावी लागते. चार दिवस कुस्ती झाली नाही तर ती घट्ट होते, आणि घट्ट मातीत पोरं उतरायला बघत नाहीत. जी पोरं खरोखर कुस्ती करणार होती ती बारा-तेराव्या वर्षीच कोल्हापूरला नाहीतर पुण्याला तालमीत राहायला जात. म्हणजे गावच्या तालमीचं यशच तिला रिकामं करत होतं. चांगला पोरगा तयार झाला की तो बाहेर जाई आणि त्याच्याकडे बघून शिकणारी मागची फळी तयारच होत नसे.

त्याच वेळी गावात कराटेचे दोन वर्ग चालू होते, एक मंगल कार्यालयात आणि एक कॉन्व्हेंटच्या गच्चीवर. दर काही महिन्यांनी बेल्टची परीक्षा, फोटो, प्रमाणपत्र. मुलं भरपूर होती, मुलीही होत्या. कराटेला नावं ठेवणारे गावात बरेच होते. मला ते पटत नसे. संध्याकाळी साडेपाचला दार उघडून, पांढरा ड्रेस घालून उभा राहणारा माणूस त्या वर्गांकडे होता. तालमीकडे तो उरला नव्हता.

प्रश्न कसा उभा राहिला

गावातल्या शिक्षणसंस्थेला आमदार निधीतून बहुउद्देशीय हॉल मिळाला आणि क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा अनुदानातून साहित्याची सोय झाली. पैसे एकाच प्रकारच्या मॅटपुरते होते. तालमीचे विश्वस्त आणि संस्थेचे संचालक यांत निम्मी माणसं तीच. अध्यक्षांना, त्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, हॉल ‘आपल्या मातीतल्या खेळा’साठी हवा होता. मुख्याध्यापकांना दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी शालेय स्पर्धांच्या यादीतला खेळ हवा होता. पालकांना मुलींसाठी स्वसंरक्षण हवं होतं. प्रत्येकाची मागणी रास्त होती आणि तिघांचं उत्तर वेगळं येत होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अर्थातच मॅटवरची कुस्ती. भावना तिच्या बाजूने, जुन्या पैलवानांचा पाठिंबा तिला. अडचण मॅटचीच होती. कुस्तीची पूर्ण मॅट बारा मीटर चौरस, खाली फोम आणि वर ताणून बसवलेलं एकच मोठं कव्हर. ती रोज काढायची-घालायची वस्तू नाही, आणि हॉल तर बोर्डाच्या परीक्षेला, स्नेहसंमेलनाला, पावसाळ्यात परिपाठाला लागणार होता. दुसरी अडचण मोठी होती आणि बैठकीत ती कोणी बोलून दाखवली नाही. तालमीत मुलींना प्रवेश नव्हता, आणि तालमीच्याच लोकांनी चालवलेल्या कुस्तीच्या मॅटवर तो लगेच मिळेल असं मुलींच्या पालकांना वाटत नव्हतं. महिलांची कुस्ती 2004 पासून ऑलिंपिकमध्ये होती, पण आमच्या भागात ती अजून पोचली नव्हती.

दुसरा पर्याय कराटे. मुलं तयार, प्रशिक्षक तयार, मॅट नसली तरी चालेल. पण संघटना अनेक आणि त्यांच्या मान्यतेचे वाद मोठे. कोणत्या संघटनेचं प्रमाणपत्र नोकरीत चालेल याची खात्री प्रशिक्षकालाही देता येईना.

तिसरा पर्याय मर्दानी खेळ : लाठी, दांडपट्टा, फरीगदगा (ढाल आणि काठीचा खेळ). शिवजयंतीच्या मिरवणुकीत ही मुलं निघाली की अख्खा गाव उभा राहून बघतो. मला हा वारसा फार जवळचा वाटतो. 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला तेव्हा आनंदही झाला. पण हॉलच्या त्या पहिल्या बैठकीत मी विरोधात बोललो होतो, कारण मिरवणूक संपल्यावर मुलाला पुढे जायला स्पर्धेची पायरी नव्हती. मल्लखांब, पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता, केरळचा कलरीपयट्टू यांना खेलो इंडियाच्या स्पर्धेत जागा मिळाल्यावर त्यांचं चित्र बदललं. लाठी-पट्ट्याला तशी जागा तेव्हा दिसत नव्हती.

चौथा पर्याय जूडो, म्हणजे जाड कोट घालून खेळायची जपानी कुस्ती, आणि तो कोणाच्याच मनात नव्हता. तो आला एका व्यक्तीमुळे.

निर्णय कसा झाला

शेजारच्या वाडीतली एक मुलगी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून घरी आली होती. वडील याच तालमीचे जुने पैलवान. ती विद्यापीठाच्या संघातून जूडो खेळलेली होती आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रम करून आली होती. तिने संस्थेकडे नोकरी मागितली नाही. तिने एवढंच विचारलं, ‘हॉल संध्याकाळी रिकामाच असतो ना?’

इथे या प्रकरणातला पहिला खरा निर्णय होता. खेळ आधी ठरवून माणूस शोधायचा, की रोज येणारा माणूस आधी धरायचा आणि त्याच्या हातातला खेळ स्वीकारायचा? मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि आजही आहे. अमरावतीचं उदाहरण मी बैठकीत दिलं. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्या मंडळाने खेळाडूंबरोबर शिक्षक घडवले, आणि ते शिक्षक जिथे गेले तिथे मल्लखांब आणि लेझीम घेऊन गेले. शिक्षक तयार होतो त्या दिशेने खेळ पसरतो. आमच्याकडे कुस्तीचा इतिहास होता आणि जूडोची शिक्षिका होती. मला शिक्षिका जास्त मोलाची वाटली.

बाकीच्यांना मात्र मॅटने पटवलं. जूडोची मॅट एक मीटर बाय दोन मीटरच्या तुकड्यांची, चार सेंटिमीटर जाड. तुकडे एकाला एक भिडवून अंथरायचे, काम झालं की भिंतीला रचून ठेवायचे. परीक्षेच्या वेळी हॉल मोकळा. मुख्याध्यापकांनी हे ऐकलं आणि त्यांचं मत झालं. शिवाय खेळ ऑलिंपिकमधला, शालेय स्पर्धांच्या यादीतला. अण्णांचं मन वळवलं ते त्या मुलीच्या वडिलांनी. ते म्हणाले, ‘अण्णा, डाव आपलेच आहेत. फक्त अंगात कोट हाय.’

पहिली दोन वर्षं

वेळ ठरवताना मोठा घोळ झाला. आधी सहा ते साडेसात ठरली होती. पण वाड्यावस्त्यांवरच्या मुलींची शेवटची सोयीची एस.टी. साडेसहाची. मॅडमनी (गावात त्यांना सगळे मॅडमच म्हणू लागले) वर्ग शाळा सुटल्या सुटल्या, पाच ते सव्वासहा असा केला. कराटेचे वर्ग उशिरा चालत, म्हणून तिथे गावातलीच मुलं जात. जूडोला वाड्यांवरच्या मुली आल्या. पुढच्या काही वर्षांत जूडो कोणत्या वस्त्यांवर पसरला हे बघितलं तर तो त्या एस.टी.च्या मार्गावर पसरलेला दिसतो. हा मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा तपशील वाटतो.

पहिला महिनाभर मॅडमनी मुलांना फक्त पडायला शिकवलं. मागे पडणं, बाजूला पडणं, गोलांटी घेऊन उठणं, पडताना हाताने मॅटवर चापट मारून धक्का पसरवणं. दोन पालक तक्रार घेऊन आले, ‘नुसतं पडायलाच शिकवताय का पोरींना?’ मॅडमनी त्यांना थांबवून घेतलं आणि एका सातवीतल्या मुलीला स्वतःच्या खांद्यावरून फेकून दाखवलं. मुलगी धाडकन पडली, उठली आणि हसत पुन्हा रांगेत गेली. त्यांतल्या एका पालकाने दुसऱ्या दिवशी धाकटीलाही आणलं.

ड्रेसचा खर्च हा दुसरा अडथळा. जूडोचा ड्रेस जाड विणीचा असतो, ओढला तरी फाटत नाही, म्हणून महाग. संस्थेने काही ड्रेस घेऊन ठेवले आणि मुलं ते आळीपाळीने वापरत. स्वतःचा ड्रेस घेण्याची सक्ती पहिल्या वर्षी कोणावर केली नाही. माझ्या मते गळती कमी राहिली ती यामुळे.

पटाचा प्रश्न

तालमीचे वस्ताद पहिले काही महिने हॉलकडे फिरकले नाहीत. एकदा आले आणि दाराशी उभे राहून बघत राहिले. एका पोराने धोबीपछाड म्हणावा असा डाव मारला. जूडोत त्याला सेओई-नागे म्हणतात : प्रतिस्पर्ध्याचा हात धरून, त्याच्या अंगाखाली शिरून, खांद्यावरून टाकणं. वस्तादांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग दुसऱ्याने आतली टांग लावली, तीही ओळखीची. ते पुढे येऊन बसले.

तिसऱ्या जोडीत तालमीतलाच एक पोरगा होता. त्याने खाली वाकून सरळ पट काढला, समोरच्याचा पाय उचलला आणि त्याला चीत केलं. तालमीत यावर टाळ्या पडल्या असत्या. मॅडमनी लढत थांबवली आणि त्याला शिदो, म्हणजे दंड दिला.

वस्ताद उठले. ‘पोरी, पट काढणं गुन्हा आहे का?’

मॅडमनी त्यांना नीट समजावलं. 2010 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी पायाला हात घालण्यावर बंधनं आणली आणि 2013 पासून ते जवळपास बंदच झालं. आजच्या नियमांत थेट पाय धरला की शिदो, तीन शिदो झाले की बाद. वस्ताद म्हणाले, ‘मग तुमच्यात कुस्तीचा अर्धा जीवच काढून घेतलाय.’ आणि ते निघून गेले.

हा क्षण मी हलका मानत नाही. वस्ताद म्हणत होते ते खरं होतं. एकेरी पट, दुहेरी पट हे आपल्या कुस्तीचे पायाभूत डाव. तालमीतून आलेल्या पोरांचे हात जोर लागला की आपोआप खाली जात, आणि स्पर्धेत त्यांना त्याची किंमत मोजावी लागे. मॅडमसमोर दोन वाटा होत्या : या पोरांना तालीम सोडायला सांगायचं, किंवा दोन्ही करू द्यायचं. त्यांनी दुसरी निवडली. सकाळी हौद, संध्याकाळी मॅट. त्या स्वतः वस्तादांच्या घरी गेल्या, त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, ‘सकाळी तुम्ही पट शिकवा, संध्याकाळी मी तो विसरायला लावते. पोरांना दोन्ही कळू दे.’ त्यानंतर हौदात उतरणाऱ्या पोरांची संख्या थोडी वाढली. जूडोमुळे तालीम ओस पडेल ही भीती होती, घडलं उलट. कमरेची पकड, तोल ओळखणं, अंगाशी अंग लावून राहणं हे दोन्हीकडे लागतं.

परिणाम

जूडोची शालेय स्पर्धा आमच्याकडे थेट जिल्ह्यालाच होत असे आणि वजनगटांत मुलं कमी असत. पहिल्याच वर्षी काही मुली विभागापर्यंत गेल्या, दुसऱ्या वर्षी राज्यापर्यंत. वर्तमानपत्रात फोटो आले, तालुक्यातल्या इतर शाळांनी विचारणा सुरू केली. तीन वर्षांत आणखी दोन ठिकाणी वर्ग उभे राहिले.

या यशाचा एक भाग स्पर्धा विरळ असण्याचा होता, हे स्पष्ट सांगायला हवं. काही मुली एक-दोन लढती जिंकून राज्याला पोचल्या आणि तिथे मोठ्या शहरांतल्या मुलींकडून मिनिटाभरात हरल्या. तरीही मी याला खोटं यश म्हणणार नाही. कुस्तीत त्याच वयाच्या पोराला जिल्ह्यातच दहा तगडी पोरं हरवायची असतात आणि तो तिथेच थकतो. पहिली पायरी हाताशी असेल तर मूल पुढची चढायला टिकून राहतं. नवा खेळ एखाद्या भागात पटकन पसरतो त्यामागे हे कारण फार वेळा असतं.

दुसरा धागा नोकरीचा. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. केंद्र सरकारने 2020 मध्ये आपल्या खेळाडू-भरतीच्या यादीत मल्लखांब, वुशू, कुडो, पेंचाक सिलाट यांच्यासह नवे खेळ घातले, आणि वर्षभरात ज्यांची नावंही गावाने ऐकली नव्हती अशा खेळांच्या शिबिरांच्या जाहिराती चौकात लागल्या. यादी बदलली की गावातला खेळ बदलतो. जूडो त्या यादीत आधीपासूनच होता, म्हणून आमची मुलं त्या लाटेत वाहून गेली नाहीत. मॅडमनी प्रत्येक पालकाला सुरुवातीलाच एक गोष्ट बजावली होती : प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि पैसे देऊन मिळालेला कागद मुलाला आयुष्यभर अडचणीत आणतो. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली तेव्हा त्या पालकांना हे आठवलं. या वर्गातून गेलेल्यांपैकी काही जण आज पोलिसात आहेत.

शिक्षिका गेल्यावर

सहाव्या वर्षी मॅडमना दुसऱ्या जिल्ह्यात कायम नोकरी लागली. जाणं योग्यच होतं, इथे त्यांना मानधनाशिवाय काही नव्हतं. पण जाईपर्यंत त्यांच्या जागी कोण, याचा विचार कोणी केला नव्हता. दोन महिने हॉल बंद. मॅट भिंतीला रचलेली, पावसाळ्यात खालच्या तुकड्यांना बुरशी आली. मुलांपैकी बरीच कराटेला गेली, काहींनी खेळच सोडला.

पुढचा निर्णय संस्थेने घाईत पण बरोबर घेतला. बाहेरून प्रशिक्षक आणायचा की आपल्यातला घडवायचा, यात त्यांनी बारावी झालेल्या दोन विद्यार्थिनींना वर्ग चालवायला दिला आणि त्यांतल्या एकीचा पतियाळाच्या अभ्यासक्रमाचा खर्च उचलला. वर्ग परत उभा राहिला, पण आधीच्या संख्येला पोचायला दोन वर्षं लागली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे दुसरा शिक्षक दुसऱ्याच वर्षी तयार करायला घ्यायला हवा होता. शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती रुजली कारण एका वस्तादाच्या हाताखाली पुढचे वस्ताद तयार होत गेले. आमच्याकडे एका माणसाच्या खांद्यावर सगळं उभं होतं. वाड्यांवरच्या मोठ्या मुलींना आठवड्यातून एकदा लहानांना शिकवायला लावलं असतं तर ते दोन महिने हॉल बंद राहिला नसता.

दुसरं तालमीचं दार. मुलींना तिथे जागा असती तर त्यांतल्या काही कुस्तीतच गेल्या असत्या. 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच मुलीने ती जिंकली, तेव्हा आमच्या जूडोच्या वर्गातल्या मुलींनी येऊन विचारलं, ‘आम्हाला कुस्ती करता येईल का?’ वस्तादांनी थोडा विचार करून हो म्हटलं. हेच दहा वर्षांपूर्वी झालं असतं तर गावात आज वेगळं चित्र असतं, आणि ते मला जास्त आवडलं असतं.

तिसरी गोष्ट अजून हातात आहे. मॅटचे तुकडे झिजले आहेत, बदलण्याची वेळ आली आहे. संस्थेत पुन्हा तोच वाद सुरू झाला आहे : आता कुस्तीची पूर्ण मॅट घ्यावी का? माझं मत मी लेखी दिलं आहे. झिजलेले तुकडे तेवढे बदलावेत, उरलेल्या पैशातून मुलींसाठी सकाळचा हौद नीट करून घ्यावा, तिथे कपडे बदलायला खोली बांधावी, आणि कुस्ती व जूडो दोन्हीसाठी एकेका मुलीला प्रशिक्षणाला पाठवावं. निर्णय पुढच्या महिन्याच्या बैठकीत होईल.